मार्व्हल व्हर्सस कॅपकॉम: जुनी हाणामारी, नवं पॅकिंग

जपानी गेम कंपनी कॅपकॉमने २०२४ मध्ये काढलेल्या ‘मार्व्हल व्हर्सस कॅपकॉम’च्या या संग्रहात सात जुने आर्केड गेम आहेत. सहा फायटिंगचे, सातवा ‘पनिशर’ म्हणजे गुंडांना धोपटत पुढे सरकायचं. पण पुण्यातली पोरं पैसे मोजतात ती २००० सालच्या ‘मार्व्हल व्हर्सस कॅपकॉम २’साठीच: ५६ पात्रं, तिघातिघांची टीम.

ऑनलाइन खेळायला रोलबॅक नावाचं तंत्र दिलंय, हे खरं काम. समोरच्याची चाल पोचण्याआधीच गेम अंदाज बांधतो, चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. त्यामुळे कोथरूड-हडपसर सामना एकाच सोफ्यावर बसल्यासारखा होतो. वायफाय गचके खायला लागलं, की मॅग्नेटो या पात्राचा हवेतला कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची माळ, अर्ध्यात तुटलाच. लॅन केबल जोडा. टीव्ही गेम मोडवर ठेवा, म्हणजे चित्र उशिरा दिसणार नाही; एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, जेमतेम १६-१७ मिलिसेकंद असतात.

हदोकेनचं, म्हणजे हातातून ऊर्जेचा गोळा फेकायच्या डावाचं, ‘खाली, खाली-पुढे, पुढे, ठोसा’ बोटांना जमत नसेल तर एका बटणाची सोय आहे. जुने खेळाडू नाक मुरडतात, मुरडू द्या.

एक तक्रार मात्र रास्त होती: संग्रह आला तेव्हा सात गेमना मिळून क्विक सेव्ह, म्हणजे खेळ मध्येच जपून ठेवायची जागा, एकच होती! एकात सेव्ह केलं की दुसऱ्यातलं पुसलं जायचं. इतका चिक्कूपणा पेठेतल्या दुकानदारालाही जमायचा नाही.