दिल्ली विमानतळ ते कॅनॉट प्लेस: नऊ महिने, चौदा फेऱ्या

गेल्या ऑगस्टपासून कामासाठी माझं दिल्लीला जाणं-येणं सुरू झालं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. ठाण्यातून निघायचं, मुंबईहून विमान पकडायचं, एक-दोन रात्री मुक्काम करून परत. कामं बाराखंबा रोड आणि मंडी हाऊसच्या टापूत असतात, त्यामुळे हॉटेल कॅनॉट प्लेसच्या आसपासच घेते. आतापर्यंत चौदा फेऱ्या झाल्या. टर्मिनल १, टर्मिनल ३, एकदा गाझियाबादचा हिंडन विमानतळ. मेट्रो, प्रीपेड टॅक्सी, ॲपवरची गाडी, रिक्षा, सगळं वापरून झालं. दिल्लीला पहिल्यांदा निघालेल्यांना, विशेषतः एकट्या जाणाऱ्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या फेरीची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यामुळे झाले. विमान उशिरा उतरलं, बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत रात्रीचा पाऊण वाजला. मेट्रो केव्हाच बंद झाली होती. ॲपवरून गाडी केली. धौला कुआँ मागे पडल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, उधर रास्ता बंद है. आपका होटल भी बंद मिलेगा. अपनी पहचान का दूसरा है, वहाँ छोड़ दूँ?" मी मोबाइलवर नकाशा उघडून बसले होते, त्यात रस्ता मोकळा दिसत होता. हॉटेलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, "आइए मॅडम, कमरा तैयार है, गेट खुला है." त्यानंतर ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही, दारात आणून सोडलं. पण त्या दहा मिनिटांत हाताला सुटलेला घाम मला अजून आठवतो. हॉटेल बंद आहे, जळालंय, भरलंय, रस्ता अडवलाय, असं काहीही सांगून कमिशनच्या हॉटेलात न्यायचं, हा दिल्लीतला जुना प्रकार आहे. तेव्हापासून मी उतरले की आधी हॉटेलला फोन करते, "मी पोचतेय" असं सांगते आणि मगच विमानतळाबाहेर पाऊल टाकते. आणि तिकीट शक्यतो रात्री नऊच्या आत उतरणाऱ्या विमानाचंच काढते, म्हणजे मेट्रो मिळते.

मेट्रो म्हणजे एअरपोर्ट एक्स्प्रेस, नकाशावरची केशरी लाइन. आमच्या ऑफिसातले जुने लोक अजूनही "टॅक्सीच कर" म्हणतात. त्यालाही कारण आहे. ही लाइन २३ फेब्रुवारी २०११ ला सुरू झाली, पण पुढच्याच वर्षी पुलाच्या बेअरिंगमध्ये दोष सापडल्यामुळे कित्येक महिने बंद राहिली. पुन्हा सुरू झाली ती बेताच्या वेगाने. २०१३ च्या मध्यापासून ती दिल्ली मेट्रोच्या ताब्यात आहे. २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने वेग वाढवत ताशी १२० किलोमीटरवर नेला. आता टर्मिनल ३ ला बसलं की सोळा-सतरा मिनिटांत नवी दिल्ली स्थानक येतं. संध्याकाळी साडेसहाला याच अंतराला टॅक्सीने मला एक तास दहा मिनिटं लागली आहेत. भाडं म्हणाल तर मेट्रोचे साठ-सत्तर रुपये आणि टॅक्सीचे त्याच्या सात-आठ पट.

डबे साध्या मेट्रोपेक्षा वेगळे आहेत. गादीच्या सीट, सामान ठेवायला रॅक. साध्या लाइनवर बॅगेच्या वजनाची मर्यादा कमी आहे, इथे ३२ किलोपर्यंतची बॅग चालते. आत शिरताना बॅग एक्स-रेमधून जाते, बायकांची तपासणी पडद्याआड वेगळी होते आणि रांग छोटी असते. तिकिटासाठी खिडकीवर थांबायची गरज नाही, व्हॉट्सॲपवर क्यूआर तिकीट मिळतं. मी तिसऱ्या फेरीला स्मार्ट कार्ड घेतलं. त्यावर थोडी सूट मिळते, आणि हातात बॅग, पर्स, पाण्याची बाटली असताना मोबाइल शोधत बसावं लागत नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कॅनॉट प्लेसला जायचं तर नवी दिल्ली स्थानकापर्यंत जाऊ नका. त्याच्या एक स्थानक आधी, शिवाजी स्टेडियमला उतरा. हे मला चौथ्या फेरीला कळलं, तेही डब्यात शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं म्हणून. तोपर्यंत मी इमानेइतबारे शेवटच्या स्थानकावर उतरत होते. एअरपोर्ट लाइन तिथे अजमेरी गेटच्या बाजूला निघते. वर आलं की रेल्वेचे प्रवासी, हमाल, रिक्षावाल्यांचा गराडा, "कहाँ जाना है" करत बॅगेला हात घालणारे. यलो लाइनने एक स्थानक राजीव चौकला, म्हणजे कॅनॉट प्लेसच्या मेट्रो स्थानकाला, जायचं म्हटलं तर इकडून बाहेर पडा, तिकडे चालत जा, पुन्हा आत शिरा. राजीव चौकात संध्याकाळी जी गर्दी असते, तिला दादरची सवय असलेली मीसुद्धा बॅग घेऊन बिचकते.

शिवाजी स्टेडियम याच्या अगदी उलट. स्थानक जवळजवळ रिकामं असतं. सरकते जिने, लिफ्ट, वर आलं की बाबा खडकसिंग मार्ग. समोरच राज्यांच्या एम्पोरियमची रांग, त्यात आपल्या महाराष्ट्राचं 'त्रिमूर्ती'. थोडं पुढे हनुमान मंदिर, तिथे रात्री उशिरापर्यंत मेंदीवाल्या आणि बांगड्यांची दुकानं, म्हणजे उजेड आणि बायकांचा वावर. इथून कॅनॉट प्लेसचं बाहेरचं वर्तुळ पायी सहा-सात मिनिटांवर. फुटपाथ रुंद आहेत, चाकाची बॅग नीट चालते. फक्त रस्ता ओलांडताना सबवे वापरा, वरून धावत ओलांडायचा मोह टाळा.

म्हणून आता मी हॉटेल निवडताना "विमानतळापासून किती किलोमीटर" हे बघतच नाही. शिवाजी स्टेडियमच्या कोणत्या बाजूला आहे आणि चालत किती मिनिटं, एवढंच बघते. शेवटचा किलोमीटरच सगळ्यात महाग पडतो, पैशानेही आणि त्रासानेही. याचा धडा मला नोव्हेंबरात मिळाला. एका हॉटेलच्या जाहिरातीत "कॅनॉट प्लेसपासून पाच मिनिटं" लिहिलं होतं, भाडंही चांगलं कमी होतं. प्रत्यक्षात ते पहाडगंजात, मेन बाजारच्या पोटातल्या गल्लीत निघालं. पहाडगंज रेल्वे स्थानकाच्या पलीकडच्या अंगाला आणि मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला. रुळांवरचा लांबलचक पूल बॅग ओढत पार केला. पुढे बाजारातून सायकल रिक्षा, स्कूटर, गाई, दुकानांच्या पायऱ्या चुकवत चालले. बॅगेचं एक चाक तिथेच गेलं. पहाडगंज वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्वस्तात राहायला चांगली जागा आहे, खायला भरपूर मिळतं आणि मराठी माणसांसाठी बृहन्महाराष्ट्र भवनही त्याच भागात आहे. पण तिथे राहायचं असेल तर हॉटेल कोणत्या टोकाला आहे ते विचारून घ्या. पश्चिमेच्या टोकाला असेल तर ब्लू लाइनचं आर. के. आश्रम मार्ग स्थानक जवळ पडतं.

टर्मिनल १ चं प्रकरण वेगळं आहे. दिल्ली विमानतळ म्हणजे एकच जागा, असं समजून पुष्कळ जण फसतात. टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत, पायी जाता येतं. टर्मिनल १ मात्र धावपट्ट्यांच्या दुसऱ्या बाजूला, काही किलोमीटर लांब आहे. तिथे एअरपोर्ट एक्स्प्रेस जात नाही. तिथलं स्थानक मजेंटा लाइनवर आहे, २०१८ मध्ये सुरू झालेलं. टर्मिनलच्या दारातच आहे, ही मोठी सोय. पण कॅनॉट प्लेसला यायचं तर हौज खासला उतरून यलो लाइन धरायची आणि राजीव चौकापर्यंत यायचं. हौज खासचा मजेंटा फलाट जमिनीखाली २९ मीटरवर आहे. एकामागून एक सरकते जिने चढत राहायचं, मग लांब चालायचं. हातात एकच छोटी बॅग असेल आणि दुपारची वेळ असेल तर मी हाच मार्ग घेते, पाऊण ते एक तासात हॉटेलात असते. मोठी बॅग किंवा संध्याकाळची वेळ असेल तर टर्मिनल १ वरून टॅक्सीने एअरोसिटी स्थानक गाठते आणि तिथून केशरी लाइनने शिवाजी स्टेडियम. अंतर थोडं असल्याने टॅक्सीचे पैसे फार होत नाहीत आणि हौज खास टळतं. कोणती कंपनी कोणत्या टर्मिनलवरून उडते, हे या दोन वर्षांत बऱ्याचदा बदललंय. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी तिकीट पुन्हा उघडून बघा. मी एकदा बघितलं नाही आणि टर्मिनल ३ ला जाऊन उभी राहिले. विमान टर्मिनल १ वरून होतं. टॅक्सीने धावत गेले, दार बंद व्हायच्या चार मिनिटं आधी पोचले.

हिंडनबद्दल थोडक्यात. मुंबईहून तिथे थेट विमानं आहेत आणि तिकीट कधीकधी स्वस्त मिळतं. विमानतळ छोटा, बाहेर पडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण तो गाझियाबादेत आहे. रिक्षाने रेड लाइनचं स्थानक गाठायचं, मग कश्मीरी गेट, मग यलो लाइन. मला दारापासून दारापर्यंत दोन तास लागले. काम नोएडा, गाझियाबाद किंवा पूर्व दिल्लीत असेल तर जरूर घ्या. मध्य दिल्लीत राहणाऱ्याने तिकिटात वाचलेले पैसे दोन तासांच्या दगदगीशी ताडून बघावेत. मी पुन्हा नाही घेतलं.

फेब्रुवारीत आईला बरोबर नेलं. तिला राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान बघायचं होतं, किती तरी वर्षं म्हणत होती. तिचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. टॅक्सीच करावी का, असा विचार दोन दिवस करत होते. शेवटी मेट्रोनेच गेलो. टर्मिनल ३ च्या आगमन दारापासून मेट्रोच्या फलाटापर्यंत तिला एकही पायरी चढावी-उतरावी लागली नाही, सगळीकडे उतार किंवा लिफ्ट. डब्यात खिडकीजवळ बसली. जमिनीवरून गाडी धावत होती तोवर बाहेर बघत होती. बोगद्यात शिरल्यावर दारावरच्या पाटीकडे बघत म्हणाली, "शिवाजी स्टेडियम म्हणजे आपल्या महाराजांच्याच नावाचं ना गं?" हो म्हटल्यावर तिने पदर सारखा केला आणि स्थानक यायच्या आधीच उठून उभी राहिली. वर आल्यावर लिफ्टच्या बाहेर एक मिनिट थांबून पाटीला हात जोडले. मी इतक्या वेळा तिथून गेले होते, पण थांबून ती पाटी नीट वाचली नव्हती.

दक्षिण दिल्लीत, लाजपतनगर किंवा सरोजिनीनगरच्या बाजूला हॉटेल असेल त्यांनी केशरी लाइनच्या धौला कुआँ स्थानकावर उतरावं. तिथून पिंक लाइनच्या दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्थानकापर्यंत मोठा पादचारी पूल आहे, त्यावर सरकते पट्टे बसवलेत. एक किलोमीटरहून जास्त अंतर आहे, तरी बॅग घेऊन दमायला होत नाही. दुर्गाबाई म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, घटना समितीच्या सदस्य.

परतीचं गणित वेगळं करावं लागतं. एअरपोर्ट एक्स्प्रेसची पहिली गाडी पहाटे पावणेपाचच्या सुमारास असते. म्हणजे सकाळी साडेसात-आठचं विमान निवांत मिळतं, सहाचं मिळत नाही. टर्मिनल १ ला जाणाऱ्या लाइनी त्याहूनही उशिरा सुरू होतात, रविवारी तर आणखी उशिरा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळची विमानं रखडतात. जानेवारीत मी विमानतळावर पाच तास बसून काढले. हिवाळ्यात शक्य असेल तर दुपारचं विमान घ्या.

पहाटे निघावं लागलं किंवा रात्री उशिरा उतरलात तर ॲपवरच्या गाडीपेक्षा मला वाहतूक पोलिसांच्या प्रीपेड बूथची टॅक्सी जास्त भरवशाची वाटते. काळी-पिवळी असते, कधीकधी गाडी जुनाट असते, एसी चालेलच असं नाही. रात्री ११ ते पहाटे ५ जादा आकार लागतो. पण पैसे बूथवर आधीच भरलेले असतात आणि पावतीवर गाडीचा नंबर असतो. ती पावती ड्रायव्हर बसल्याबसल्या मागतो. देऊ नका. हॉटेलच्या दारात उतरून, बॅग डिकीतून काढून हातात आल्यावरच द्या, कारण ती जमा केल्याशिवाय त्याला पैसे मिळत नाहीत.