गोष्टीत प्राणी घ्यावेत की माणसे?

मुलांना गोष्टी सांगू लागणाऱ्या अनेकांपुढे हा प्रश्न उभा राहतो. गेवराई तालुक्यातील एका गावात मी काही वर्षे दर शनिवारी गोष्टींचा तास घेतो आणि दोन्ही प्रकार सांगून पाहिले आहेत.

माणसांच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. ऊसतोडीला निघालेले कुटुंब, कारखान्याजवळची कोपी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फडाच्या कडेला बसणारी बहीण, हे सारे चिमणीच्या तोंडी घातले तर त्यातले दुःख पातळ होते, असे मला वाटते. शिवाय माणूस बदलू शकतो. कोल्हा मात्र लबाडीचा शिक्का घेऊनच गोष्टीत येतो, आणि तो सुधारला असे सांगितले तर मुलांना ते सहसा पटत नाही.

तरीही एका अडचणीने माझा निर्णय केला. आमच्याकडे नाव उच्चारले की आडनाव विचारले जाते, आणि आडनावावरून भावकी, वस्ती, जात सारे काही गोष्ट सुरू होण्याआधीच ठरून जाते. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी थोडाथोडा कोरणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट मी सांगितली होती. नाव मनानेच घेतले होते. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ पारावर येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरचं गोष्टीत कशाला घेतलं?" त्यांचा गैरसमज मी दूर केला, पण त्यांचे मन दुखावले होते आणि त्याला माझी गोष्ट कारण होती. पुढच्या वेळी नाव बदलले, तर मुलांनी दुसरे घर शोधून काढले.

मग तीच गोष्ट घूस आणि ससा यांच्यावर बेतली. घूस रात्री बांध उकरते आणि सकाळी सशाला म्हणते, "पावसानं ढासळला असंल." घुशीचे आडनाव कोणी विचारले नाही. गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "आमचा बांध पण असाच गेला." माणसांच्या गोष्टीत हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हा आडोसा आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पंचतंत्रात राजा आणि मंत्री यांच्यातील फितुरी करटक आणि दमनक या कोल्ह्यांच्या आधारे उलगडते, त्यामुळे सत्तेविषयीचे कडू बोलणे राजपुत्रांपुढे मांडता येते. 13व्या शतकातील लीळाचरित्रातही साळुंकीचे मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे घर आहे. पावसात घर वाहून गेलेल्याने दार ठोठावले तर काय करायचे, हा प्रश्न त्या गोष्टीतून कोणत्याही गल्लीत कोणाचेही नाव न घेता विचारता येतो.

मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याने कदाचित माणसेच घ्यावीत. तेथे माझा अनुभव तोकडा आहे. लहानमोठे सारे एकत्र बसणार असतील, तर मी प्राण्यांपासून सुरुवात करण्यास सुचवीन, मात्र ते पारखून घ्यावेत. शेतकऱ्यांच्या मुलांना जनावरांचे स्वभाव आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. एका गोष्टीत मी गायीला खोटे बोलायला लावले, तेव्हा रोज धारेच्या वेळी वासरू धरणारी एक मुलगी मध्येच उठून म्हणाली, "गाय असं नाही करत." मी गोष्ट तेथेच थांबवली, गायीच्या जागी दुधावर टपलेली मांजर आणली, आणि ती मुलगी खाली बसली.