निंबोळी तेल १५०० पीपीएम आणि दहापट भिंग, परसातल्या झाडांवर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. रत्नागिरीत घरामागे आमची थोडीशी जागा आहे, त्यात हापूसची दोन कलमं, माड, पेरू, कागदी लिंबू, कढीलिंब, पपई आणि कुंपणाला जास्वंद. बारक्या किडींचा त्रास बाराही महिने कुठल्या ना कुठल्या झाडाला चालूच असतो. त्यासाठी मी तीन वस्तू वापरते, कृषी सेवा केंद्रात मिळतं ते १५०० पीपीएम निंबोळी तेल (पीपीएम म्हणजे तेलात किडीवर चालणाऱ्या द्रव्याचं प्रमाण, दहा लाख भागांत किती भाग ते), दोन लिटरचा हवा भरायचा पंप आणि सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. मार्क द्यायचे तर भिंगाला पाचपैकी पाच, तेलाला चार, पंपाला तीन. तुम्हाला फक्त तेलाबद्दल वाचायचं असलं तरी आधी भिंगाचं वाचा, कारण कीड कुठली ते कळलं नाही तर तेलाचे पैसे पाण्यात जातात.

भिंग वापरताना ते पानाजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचं, उजेडात उभं राहून. मग सगळं लख्ख दिसतं.

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस दिसला की सगळे मिलीबग म्हणतात आणि फवारा मारून मोकळे होतात. जरा थांबून बघा. खरा मिलीबग म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, लांबट गोल, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं, सोंड रुतवून रस पीत बसलेला असतो आणि सहसा जागचा हलत नाही. त्याच कापसात कधीकधी त्याच्यापेक्षा चांगलाच मोठा, अंगावरून पांढऱ्या मेणाचे लांब झुबके लोंबणारा, काडीने डिवचलं की तुरुतुरु पळणारा जीव दिसतो. त्याला कृपा करून मारू नका! ती क्रिप्टोलिमस किंवा त्याच्या भावकीतल्या एखाद्या ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी असते आणि ती मिलीबगच खाऊन जगते. क्रिप्टोलिमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणलेला, आणि आज आपले द्राक्षबागायतदार हाच किडा पैसे मोजून बागेत सोडतात. तो आपल्या कुंपणावर फुकट आलेला असताना आपणच त्याला फवारून मारतो हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता तेल. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य किडीला खाऊ देत नाही आणि पिल्लांना कात टाकू देत नाही, म्हणजे फवारलं आणि तासाभरात किडे टपाटप खाली पडले असं होत नाही, पाच-सात दिवसांनी संख्या कमी झालेली दिसते, आणि नेमकं हेच माहीत नसल्यामुळे लोक दुसऱ्या दिवशी 'फालतू आहे, काही उपयोग नाही' असा एक स्टार देऊन जातात. मिलीबगची नुकती निघालेली पिल्लं फिकट पिवळी-गुलाबी असतात, अंगावर मेण जवळपास नसतंच, त्या वयात तेल छान लागू पडतं. एकदा का मेणाचा थर चढला की पाणी वरूनच ओघळून जातं. म्हणून एकच फवारणी पुरत नाही, आठवडा-दहा दिवसांनी परत मारावीच लागते, मधल्या काळात अंड्यातून नवीन पिल्लं आलेली असतात.

मी १५०० पीपीएमचं तेल लिटरला ५ मिली घेते. १०,००० पीपीएमची बाटली असेल तर २ ते ३ मिली पुरे, तिथे ५ मिली घालू नका. आणि बाटलीवर पीपीएम लिहिलेलंच नसेल, नुसतं 'शुद्ध नीम ऑइल' असेल, तर ते घाण्याचं तेल असण्याची शक्यता जास्त, ते पाण्यात मिसळत नाही. तपासायला सोपं आहे, काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चार थेंब टाकून ढवळा, पाणी दुधाळ झालं तर ठीक, तेलाचे डोळे वर तरंगले तर आधी थोड्या कोमट पाण्यात लिक्विड सोप घालून त्यात तेल घोटून घ्यावं लागेल. तसंच मारलं तर कुठे नुसतं पाणी आणि कुठे नुसतं तेल पडतं आणि तेल पडलेली पानं उन्हात करपतात. मी नेहमी संध्याकाळीच फवारते, एक तर उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं आणि दुसरं म्हणजे तोपर्यंत मधमाश्या परतलेल्या असतात. आणि पानाच्या खालून मारायचं, कीड बहुतेक तिथेच असते, वरून मारून झाड फक्त चकाचक दिसतं. वास उग्र आहे, अंगणात रात्रभर राहतो, घरात कुणाला चालत नसेल तर आधीच सांगून ठेवते.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय मात्र यातलं काहीही टिकत नाही. मिलीबग, मावा आणि काही जातींचे खवले रस पिऊन गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो चाटायला येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. पानं काळी पडली की पहिल्यांदा वर बघा, ती काजळी त्या चिकट्यावर वाढलेली बुरशी असते, पुसली तर निघते, खरी कीड वरच्या पानाच्या पोटाला सापडेल. पेरूच्या खोडाला मी प्लास्टिकची रुंद पट्टी घट्ट बांधून त्या पट्टीवर ग्रीस लावलंय (थेट सालीवर ग्रीस लावू नका), आणि जमिनीला किंवा कुंपणाला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. यानंतर पेरूला तेल फार कमी लागलं. जास्वंदीचे गुच्छ होऊन आखडलेले शेंडे तर मी फवारतच नाही, कापून साबणाच्या पाण्यात बुडवते, त्या सुरकुत्यांत कुठलंच औषध नीट पोचत नाही.

तेलाचा एक स्टार का कापला ते सांगते. लिंबाच्या पानावर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात ती नागअळी, ती पानाच्या पापुद्र्याच्या आत असते, भिंगातून रेघेच्या टोकाला पिवळसर ठिपका दिसतो तीच अळी. एकदा आत शिरल्यावर तेल फारसं काही करत नाही, नवी पालवी बोटभर असतानाच मारलं तर मादीला अंडी घालायला थोडा अडथळा होतो इतकंच. त्या जखमांतून पुढे खैऱ्या रोग शिरतो म्हणून पालवीवर लक्ष ठेवायचं, पण रेघा असलेली सगळी पानं ओरबाडू नका, पान तरी अर्धंअधिक काम करतच असतं. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची, हाताने उचलायची, त्यासाठी बाटली उघडायची गरज नाही. कढीलिंबावरही तीच येते. आणि कढीलिंबाला मी तेल मारतच नाही, पानं कडू लागतात, मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा आणि शेंडे छाटणं एवढ्यावर भागतं.

आंब्याच्या पानावरचे पांढरे ठिपके म्हणजे खवले कीड. नखाने एक खवला उचकटा. खाली पिवळसर ओलसर अंग दिसलं तर जिवंत, कोरडी टरफल निघाली तर मेलेली, आणि खवल्याला सुईने पाडल्यासारखं गोल भोक असेल तर बारीक गांधीलमाशी कीड आतून खाऊन बाहेर पडलीये. अशी भोकं बरीच दिसली तर फवारू नका, काम आधीच सुरू आहे. मोहोरावरचे तुडतुडे मात्र वेगळं प्रकरण आहे, पाचरीसारखे, तिरके सरकणारे, फांदी हलवली की तडतड उडतात. मोठ्या झाडावर दोन लिटरच्या पंपाने काही होत नाही, त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे ते बघा आणि माणूस बोलावून करून घ्या. फळमाशीलाही तेलाऐवजी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावा, मिथाईल युजेनॉलच्या वासाने नर माश्या त्यात येतात, फळं तयार व्हायच्या आधीपासून टांगायचा.

माडाच्या झापांखाली पांढरी चक्रं चक्रं दिसतात ती रुगोज पांढरी माशी, भारतात २०१६ ला पहिल्यांदा सापडली आणि आता कोकणात सगळीकडे आहे. खालची पपई, जास्वंद सगळं काळं करून टाकते. बघून जीव तुटतो पण तिथे जहाल कीटकनाशक मारायचं नाही, एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी तिच्या पिल्लांत अंडी घालते, ती मेली तर माशी दुप्पट जोराने येते. खालच्या झापांवर पाण्याचा फवारा आणि पिवळे चिकट सापळे एवढंच मी करते.

दुकानाबद्दल पण लिहायलाच हवं. मी जिथून घेते तिथले काका 'कीड लागलीये, काहीतरी द्या' म्हटलं की पहिल्यांदा म्हणतात, "वहिनी, पान घेऊन या, पिशवीत बंद करून आणा." पान बघून कित्येकदा काहीच विकत नाहीत. मिलीबगला पावसाळ्यात हवेत दमटपणा असताना व्हर्टिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशीची पावडर, लिटरला ५ ग्रॅम, हे पण त्यांनीच सुचवलं आणि बुरशीनाशकाबरोबर मिसळू नका हे दोनदा बजावलं. दुसऱ्या एका दुकानात मात्र झाड कुठलं, कीड कुठली काही न विचारता लाल त्रिकोणाचा डबा पुढे केला होता. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, परसात पोरं खेळतात, विहीर आहे, तिथे तो डबा आणूच नये. यवतमाळमध्ये २०१७ ला फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे जीव गेलेत, ते आठवा. निंबोळी तेल मारतानासुद्धा मी मास्क आणि चष्मा घालते, पानाच्या खालून मारताना सगळं तोंडावरच येतं.

पंपाचं थोडक्यात, नोझल तेलाने तुंबतं, वापरल्यावर लगेच साबणपाण्याने धुवा, पितळी नोझलचा मिळाला तर तोच घ्या, प्लास्टिकचं लवकर गळायला लागतं.

बाटली घेताना तारीख बघाच, अझाडिरॅक्टिन ठेवून ठेवून कमी होत जातं, उन्हात शोकेसला मांडलेली बाटली तर नकोच. परसाला १०० मिलीची सीझनभर पुरते, लिटरचा कॅन स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. पाण्यात मिसळलेलं त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरण्यात अर्थ नाही. थंडीत तेल थिजलं तर बाटली कोमट पाण्यात उभी करा, गॅसवर ठेवू नका.