दांडिया बाजारातील खानावळ: ताट सर्वांना एकच, चहाचा पेला मात्र नाही

दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी खानावळीत गेल्या महिनाभरात मी चार वेळा जेवलो. वरणावर तूप मागावे लागत नाही, भरल्या वांग्यांतील गोडा मसाला घरचा असल्याचे पहिल्याच घासाला कळते आणि आमटीत गूळ अंमळ जास्त पडतो, पण बडोद्यात एवढे चालायचेच. दीडनंतर पोळ्या वातड होतात. १४० रुपयांत हे ताट महाग नाही.

मला अधिक भावली ती तेथील पंगत. बाके लांब आणि सामाईक असल्यामुळे बँकेतले साहेब, रिक्षाचालक आणि हमाल ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने शेजारी शेजारी बसतात. मालकीणबाई प्रत्येकाला 'अहो, थोडा भात घ्या ना' असा सारखाच आग्रह करतात आणि भांडी घासणाऱ्या मावशीही दोनच्या सुमारास त्याच बाकावर गरम जेवतात. आमच्या घरी मोलकरणीची कपबशी मोरीच्या कोनाड्यात वेगळी असे, म्हणून हे माझ्या चटकन नजरेत भरले.

तक्रार एकच आहे. कचरा न्यायला येणाऱ्या सफाई कामगाराला रोज चहा मिळतो, पण इतरांना काचेच्या पेल्यात मिळत असताना त्याला कागदी कपात आणि उंबऱ्याबाहेर. विचारल्यावर 'त्यालाच आत यायला संकोच वाटतो' असे उत्तर आले. वाटतही असेल; परंतु तो संकोच या शहरात फार जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा नाव बदलून पारशी विश्रामगृहात राहावे लागले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढला. खुद्द महाराजांनी शिकवलेल्या माणसाला गावात एक खोली मिळाली नाही.

एवढ्या निगुतीने पंगत सांभाळणाऱ्या बाईंकडून आणखी एका काचेच्या पेल्याची अपेक्षा करणे मला अवाजवी वाटत नाही. चौथ्या भेटीत पैसे देताना मी हे त्यांना सांगितले. त्यांनी न रागावता ऐकून घेतले आणि सुटे पैसे परत केले.