हार्टच्या नळ्यांसाठी कोणती रक्त तपासणी करावी: लिपिड, एपोबी, एलपी-ए, सीआरपी का होमोसिस्टीन?

संभाजीनगर असो, लातूर असो का परभणी, आता बऱ्याच लॅबमध्ये कार्डियाक पॅकेज मिळतंय आणि त्यात इतकी नावं असतात की माणूस म्हणतो घे बाबा मोठं पॅकेज, एकदाचं सगळंच होऊन जाऊ दे. पण ह्या टेस्ट एकाच कामाच्या नाहीत. काही नळीत थर कशामुळं जमायलाय ते सांगतात, काही अंगातली सूज सांगतात, एक तर हार्टच्या स्नायूला इजा झाल्यावरच वाढते. आणि ह्यातली एकबी टेस्ट "तुमच्या अमुक नळीत इतके टक्के ब्लॉक आहे" असं सांगत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा.

तपासणी लवकर सुरू करायला कारण मात्र आहे. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं वय 53 च्या आसपास निघालं, बाकीच्यांचं 59 च्या जवळ. म्हणून साठीची वाट बघू नका.

ट्रोपोनिन आधी बाजूला काढू, कारण ती ह्या तुलनेत बसतच नाही. छातीवर दाब आलाय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा भरून आलाय तर लॅब शोधू नका, 108 लावा आणि जिथं ईसीजी निघतो तिथं पोचा. ट्रोपोनिन हार्टच्या स्नायूच्या पेशी मेल्या-दुखावल्या की रक्तात येतं आणि त्याला काही तास लागतात, त्यामुळं दुखायला लागल्यावर पहिल्याच तासात केलेली टेस्ट नॉर्मल आली म्हणून तालुक्याच्या गावातून घरी परत फिरणं धोक्याचं आहे, डॉक्टर दोन-तीन तासांनी परत करतात ते उगं बिल वाढवायला नाही. उलट बाजूनं बघा, मोठा ब्लॉक असलेला माणूस निवांत बसलेला असंल तर त्याचं ट्रोपोनिन नॉर्मलच येईल. म्हणून धडधाकट माणसाच्या पॅकेजात ते असलं काय न् नसलं काय.

आता खरी तुलना. साधं लिपिड प्रोफाइल विरुद्ध एपोबी.

लिपिड प्रोफाइल सगळ्यात स्वस्त, सगळीकडं होतं. त्यातलं एलडीएल, म्हणजे नळीत थर लावणारं वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याच लॅबमध्ये मोजलेलं नसतं, हिशोब करून काढलेलं असतं: टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसरी चरबी) पाचवा हिस्सा वजा. हे 1972 चं सूत्र आहे आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते चालत नाही. आपल्याकडच्या शुगरवाल्या, पोट सुटलेल्या माणसांत गडबड त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. समजा टोटल 190, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 260. एलडीएल निघालं 106, त्या ओळीत फारसं लाल काही दिसत नाही, काका खुश. पण टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, 158 उरतं. ह्याला नॉन-एचडीएल म्हणतात, शुगरवाल्यासाठी हे कमीत कमी 130 च्या खाली पाहिजे, म्हणजे काका खुश व्हायचं काही कारण नाही. ह्या वजाबाकीला एक रुपया लागत नाही आणि उपाशीपोटी रक्त देणंबी गरजेचं नाही.

एपोबी ह्याच्या पुढची पायरी. कारखान्याला ऊस किती टन गेला हे एलडीएल सांगतं, ट्रॉल्या किती गेल्या हे एपोबी सांगतं, आणि रस्ता खराब होतो तो ट्रॉल्यांनी. नळीच्या भिंतीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून एपोबी मोजलं की कणच मोजल्यासारखे होतात. ट्रायग्लिसराइड जास्त असलं की कण बारीक आणि जास्त होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी, मंग एलडीएल बरं दिसतं आणि एपोबी वाढलेलं निघतं. युरोपच्या गाईडलाइनमध्ये जास्त धोका असलेल्यांनी एपोबी 80 च्या खाली आणि आधीच हार्टचा आजार असलेल्यांनी 65 च्या खाली ठेवावं असं आहे. माझं मत विचाराल तर शुगर, वाढलेलं ट्रायग्लिसराइड किंवा ढेरी ह्यातलं काही असंल तर एपोबीला पैसे घाला. बारीक अंगाचा, शुगर नसलेला, ट्रायग्लिसराइड 100 च्या आतला माणूस असंल तर नॉन-एचडीएलवर भागतंय.

एलपी-ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, ही वेगळीच चीज आहे. 1963 मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेली. ही आई-बापाकडून येते. भाकरी खा, चाला, तेल सोडा, आकडा जवळपास तिथंच राहतो. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीनंबी उतरत नाही. मंग लोक म्हणतात, कमी होत नाही तर करायची कशाला? करायची ह्यासाठी की ती वाढलेली निघाली तर बाकी जे हातात आहे, म्हणजे एलडीएल, बीपी, तंबाखू, ते डॉक्टर जास्त कडक धरतात, आणि भावा-बहिणींची, पोरांचीबी तपासणी करायला सांगतात. जगात साधारण पाचांत एकाची वाढलेली असते. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर किंवा दुसऱ्या युनिटात लिटरला 125 नॅनोमोलच्या वर गेली की वाढलेली धरतात. दोन्ही युनिटांचा आपसात सरळ गुणाकार होत नाही, म्हणून एका लॅबचा 60 आणि दुसऱ्या लॅबचा 60 एकच समजू नका, युनिट वाचा. आणि जमेची बाजू म्हणजे बहुतेकांना आयुष्यात एकदाच करायची. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असंल तर पॅकेज सोडा पण ही करा.

सूज दाखवणारी एचएस-सीआरपी आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड), ह्या दोन टेस्टच्या नावावर पॅकेज महाग झालेलं असतं.

एचएस-सीआरपी 1 च्या खाली चांगली, 1 ते 3 मधली, 3 च्या वर धोका जास्त. 2008 च्या ज्युपिटर अभ्यासात 17,802 लोक घेतले होते ज्यांचं एलडीएल फार नव्हतं पण सीआरपी 2 किंवा वर होती, त्यांना रोसुवास्टॅटिन ही स्टॅटिन गोळी दिल्यावर अटॅक आणि लकवा कमी झाला, त्यामुळं टेस्ट फुकाची नाही. काही तज्ज्ञ तर आता सगळ्यांचीच करा म्हणायलेत. पण तिला हार्टची सूज आणि हिरड्यांची सूज ह्यातला फरक कळत नाही. पावसाळ्यात चिकनगुनिया होऊन गेलाय, गुडघे धरलेत, दाढ सुजलीय, अशात आकडा 10 च्या वर गेला तर तो हार्टचा धरायचाच नाही, बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत. आणि तापात करतात ती साधी सीआरपी वेगळी, बारीक आकडे तिला दिसत नाहीत. स्टॅटिनची गोळी सुरू करावी का नाही असा डॉक्टरचाच पाय अडकलाय तिथं एचएस-सीआरपी कामाला येते. गोळी ठरलेलीच असंल तर त्या आकड्यानं निर्णय सहसा बदलत नाही.

होमोसिस्टीनवर माझा भरवसा सगळ्यात कमी. 1969 पासून ह्याचा नळ्यांशी संबंध जोडला गेला, वाढलेलं असलं की नळीचं आतलं अस्तर नीट काम करत नाही आणि नळी नीट सैल पडत नाही हेबी खरं. पण 2006 मध्ये होप-2 आणि नॉर्विट हे दोन मोठे अभ्यास आले, त्यात बी-विटामिन देऊन होमोसिस्टीन उतरलं आणि हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. आपल्याकडं माळकरी घरात, अंडंबी न खाणाऱ्यात ते वाढलेलं निघालं तर कारण बरेचदा बी-12 कमी असणं हेच असतं, शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असली तरी बी-12 उतरतं. मंग सरळ बी-12 च करा ना. त्यात अजून एक अडचण, रक्त काढून तसंच ठेवलं तर लाल पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात आणि आकडा खोटाच चढतो. सॅम्पल लवकर मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायला किंवा बर्फात ठेवायला पाहिजे. मे महिन्यात हिंगोलीतून गोळा होऊन पुण्याला जाणाऱ्या सॅम्पलचं हे कुणी नीट केलंय का, हे विचारून बघा.

अजून एक गट राहिला. ज्यांची अँजिओग्राफी झाली, ब्लॉक नाही, पण डॉक्टर म्हणले "स्लो फ्लो" आहे, म्हणजे तपासणीत नळीत सोडलेलं औषध (डाय) नळीच्या टोकाला सावकाश पोचतं. ह्या लोकांत सीआरपी, होमोसिस्टीन, युरिक ॲसिड सरासरीनं जास्त सापडल्याचे अभ्यास आहेत आणि ते वाचून माणसं ह्याच टेस्ट दर दोन महिन्याला करायलेत. सरासरी ही गटाची असते, तुमच्या एकट्याच्या आकड्यावरून फ्लो सुधारला का बिघडला हे कळत नाही. तिथं दुखणं किती वेळा येतंय, बीपी-शुगर कशी आहे, तंबाखू सुटली का, ह्यावर डॉक्टर चालतात.

मग घ्यायचं काय? चाळिशीच्या आतबाहेरच्या, वडिलांना लवकर अटॅक आलेल्या माणसानं लिपिड, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि एकदाच एलपी-ए. शुगरवाल्यानं लिपिड, एचबीए1सी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, आणि जमलं तर एपोबी. स्टेंट बसलेल्यानं निदानाची पॅकेजं सोडून एलडीएल किंवा एपोबी टार्गेटच्या खाली आहे का एवढं बघत राहावं, आणि आधी झाली नसंल तर एलपी-ए एकदा. चालताना छाती भरते, थांबलं की बरं वाटतं, अशानं मात्र ह्यातलं काहीच निवडू नये, आधी फिजिशियनला दाखवून ईसीजी, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी), गरज पडली तर पुढची तपासणी.

पॅकेजाबाहेरच्या टेस्ट सुट्यासुट्या लावता येतात, काउंटरवर ते आपणहून सांगतीलच असं नाही. चिठ्ठीवर नावं लिहून न्या आणि एचएस-सीआरपी लिहिताना "एचएस" विसरू नका, नाहीतर तापाची साधी सीआरपी करून देतील.