ग्लुकोसामाइनच्या गोळ्या: टेकडीवाल्यांनी, पळणाऱ्यांनी घ्याव्यात का?

सध्या पुण्यात टेकडीवर, रनिंग ग्रुपमध्ये कुठेही गुडघ्याचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच, अरे ग्लुकोसामाइन चालू कर, वंगण वाढतं. मी पण रविवारी सिंहगड आणि मधल्या वारी वेताळ टेकडी करणारा, उतरताना गुडघ्याची वाटी दुखायची, म्हणून आमच्या मेडिकलवाल्याकडून ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (दोन्ही सांध्यातल्या कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीचे, घटक) एकत्र असलेला डबा आणला. कंपनीचं नाव देत नाही कारण आतला माल बहुतेक सगळ्यांचा सारखाच असतो, दिवसाला 1500 मिग्रॅ ग्लुकोसामाइन आणि 1200 च्या आसपास कॉन्ड्रॉइटिन.

डबा संपेपर्यंत नेमाने घेतल्या. गोळी मोठी आहे, गिळायला त्रास होतो, जेवणानंतर घेतली तर पोटाला काही होत नाही. पण उतरतानाचं दुखणं होतं तिथेच राहिलं.

मग ‘मला तर जाम फरक पडला’ म्हणणारे एवढे लोक कसे? ते काही खोटं बोलत नाहीत. अमेरिकेत सरकारी पैशाने याच्यावर मोठी चाचणी झाली होती, 2006 साली निकाल आला, गुडघ्याची झीज झालेले 1583 पेशंट होते आणि 24 आठवडे औषध दिलं. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी साधारण 67 टक्के लोकांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं, आणि ज्यांना औषध म्हणून नुसतीच बिनऔषधाची गोळी दिली त्यांच्यातही 60 टक्के लोकांचं झालं! एकूणात हा फरक खात्रीने औषधाचा म्हणावा एवढा नव्हता. ज्यांना जास्त दुखत होतं त्या छोट्या गटात थोडा जास्त फायदा दिसला, पण त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. म्हणजे गुडघा दुखतो, काही आठवड्यांनी आपोआप कमी होतो, आणि क्रेडिट डब्याला जातं. अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि व्यायाम करा, वजन जास्त असेल तर कमी करा यावर भर दिलाय. आणि हे सगळं झीज झालेल्यांचं, आपल्यासारख्या धडधाकट पळणाऱ्याचे सांधे या गोळ्यांनी पुढे झिजणार नाहीत याला तर काहीच ठोस आधार नाही.

शाकाहारी मंडळींनी तर हे वाचाच. बरंचसं ग्लुकोसामाइन खेकडा-कोळंबीच्या कवचातून काढतात, कॉन्ड्रॉइटिन गाई-डुकराच्या नाहीतर शार्कच्या कूर्चेतून, आणि सांध्यांच्या काही गोळ्यांत असतं ते टाइप टू कोलॅजन (कूर्चेतलं प्रथिन) बहुतेक कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतून. मक्यापासून केलेलं ग्लुकोसामाइन मिळतं, पण डबा फिरवून हिरवा ठिपका बघूनच घ्या. आमच्याकडे आईला हे कळल्यावर तिने तिचा डबा तिथल्या तिथे बंद केला, कोणी आधी सांगायलाच नको का? कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मला फरक पडला तो फिजिओकडे जाऊन. तिने बघितल्या बघितल्या सांगितलं की मांड्या आणि कुल्ले कमजोर आहेत, म्हणून उतरताना सगळा भार वाटीवर येतोय. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवायचा, भिंतीला पाठ लावून बसायचं, रबरी पट्टा लावून आडवं चालायचं, एवढंच. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांधा दाबला-सुटला की स्पंजसारखं सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं, त्यामुळे दुखतंय म्हणून पूर्ण बसून राहणं हा उपाय नाही, झेपेल एवढी हालचाल पाहिजेच. उतरायला दोन काठ्या घेतल्या, त्यांचाही गुडघ्याला चांगला आधार होतो. आता सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना मध्ये थांबावं लागत नाही.

गोळ्यांना माझ्याकडून 5 पैकी दीड स्टार, तोही बहुतेकांना त्रास होत नाही म्हणून. महिन्याचा तोच पैसा फिजिओच्या दोन-तीन सेशनला लावा. गुडघ्याला सूज असेल, मध्येच अडकत असेल किंवा पाय टेकल्यावर गुडघा दगा देत असेल तर मात्र थेट ऑर्थोपेडिककडे जा, टेकडी काही दिवस राहू दे.