चिखलदरा की भामरागड? आधी महिना सांगा

"मामा, चार दिवस सुट्टी हाय, आईबाबा अन् दोन पोट्टे सोबत. चिखलदऱ्याले जाऊ का भामरागडले?" भाच्याने तिसऱ्यांदा विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. एक अमरावतीकडचं डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण, दुसरं गडचिरोलीच्या जंगलातलं नदीकाठचं गाव. दोन्ही वाटांवर मी गाडी नेली आहे आणि दोन्हीकडे एकेकदा कान पकडले आहेत.

हिंगणघाटहून चिखलदरा साधारण सव्वादोनशे किलोमीटर, भामरागड पावणेतीनशेच्या घरात. नकाशावर फरक चाळीस-पन्नासचा, पण या आकड्यांवर जाऊ नका. एका वाटेवर वेळ चढात जातो, दुसऱ्या वाटेवर पाण्यात.

वर्धा, अमरावती, परतवाडा हा पट्टा जवळजवळ सपाट. माती काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, त्यामुळे आडवाटेचे डांबरी रस्तेही लाटांसारखे वरखाली झालेले असतात. मागच्या सीटवर म्हातारं माणूस असेल तर मुख्य रस्ता सोडू नका. परतवाड्याच्या पुढे गाविलगडचे डोंगर एकदम भिंतीसारखे उभे राहतात. पायथा पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये सातशे मीटरहून जास्त चढ. टर्बो नसलेली छोटी पेट्रोल गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन इथे दम टाकते, कारण वर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. एसी बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढा. पोट्ट्यांना तर्री पोहा घाट उतरून आल्यावरच चारा.

मी फसलो ते उतरताना. सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलो आणि खाली येईपर्यंत चाकातून जळका वास यायला लागला. अर्धा तास गाडी बाजूला लावून बसलो. एका ट्रकवाल्याने जाता जाता सांगितलं, "भाऊ, ज्या गिअरनं चढले त्याच गिअरनं उतरा." तेवढं पाळलं तर हा घाट भित्र्या ड्रायव्हरलाही जमतो.

आता उन्हाळ्याची गोष्ट. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. इथला चढ सातशे-साडेसातशे मीटरचा, म्हणजे फरक साडेचार-पाच अंशांचा. परतवाड्याला लागून असलेल्या अचलपुरात ४४ असेल तर वर ३९. थंड हवेचं ठिकाण म्हणून मे महिन्यात दुपारी पोहोचणारे इथेच नाराज होतात. खरा फरक पडतो तो संध्याकाळनंतर. घामाने चिपचिपलेला माणूस रात्री पंख्याखाली चादर ओढतो.

भामरागडची वाट उलटी. वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी, आलापल्ली. चंद्रपूर जेमतेम १९० मीटरवर, पुढच्या सगळ्या नद्या गोदावरीकडे उतरणाऱ्या. घाट असा नाहीच, ब्रेक-गिअरची परीक्षा नाही. काळी माती मागे पडते, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, जागी धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) आणि बोड्या (छोटी तळी) दिसू लागतात, आणि आलापल्लीनंतर सागाचं दाट जंगल. आष्टीजवळ वैनगंगेच्या पुलावर दोन मिनिटं थांबाच. थोडं खाली चपराळ्याला तिला वर्धा नदी भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. आपल्या घराकडची नदी इथे नाव बदलते, हे मला दर वेळी गंमतीचं वाटतं.

पाऊस इकडे पश्चिम विदर्भाच्या सपाट पट्ट्यापेक्षा बराच जास्त, आणि अडचण फक्त त्याच्या आकड्याची नाही. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावतीला पूर आला की पर्लकोटेचं पाणी मागे तुंबतं. पाऊस पडलेला असतो छत्तीसगडात आणि तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटायचं, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. भामरागडच्या अलीकडे वाटेत लागणाऱ्या नाल्यांचंही तेच. एकदा ऑगस्टमध्ये मी एका रपट्यापाशी, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलापाशी, चार तास बसलो होतो. पाणी फूटभरच दिसत होतं, मी गाडी घालणारच होतो, पण गावातल्या एका म्हाताऱ्याने हात आडवा केला. तेवढ्या वाहत्या पाण्यातही छोटी गाडी तरंगायला लागते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

म्हणून जून ते सप्टेंबर भामरागड नको, माझ्याकडून स्पष्ट नाही. ऑक्टोबरात पाणी ओसरतं, पण खड्डे तसेच असतात, शिवाय आलापल्ली-आष्टी भागात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४६-४७ला जाऊन भिडतो. तेव्हा निघायचंच असेल तर पहाटे चारला निघून दहाच्या आत चंद्रपूर मागे टाका, आणि टायर जुने असतील तर निघूच नका. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत ही वाट मला चिखलदऱ्यापेक्षा सरस वाटते: रस्ता कोरडा, नद्यांना वाळूचे काठ, हेमलकशाला १९७३ पासून चालू असलेला लोकबिरादरी प्रकल्प, जवळच त्रिवेणी संगम. आलापल्लीत टाकी भरा, पुढे पंपाचा भरवसा धरू नका. मच्छरदाणी न्या, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि अंधाराच्या आत मुक्कामी पोहोचा.

चिखलदऱ्याचं वेळापत्रक जास्त मोकळं. जुलै-ऑगस्टमध्ये दरीत धुक्याशिवाय काही दिसत नाही, कधी कधी समोरची गाडीसुद्धा दिसत नाही, तरी मला तोच चिखलदरा आवडतो. गाविलगडचा किल्ला ओल्या दगडावरून चढू नका एवढंच. हिवाळ्यात कापसाचे ट्रॅक्टर वर्ध्यापर्यंत वाट अडवतात, वर पोहोचल्यावर मात्र खवा आणि कॉफी दोन्ही तिथलीच मिळते.

भाच्याच्या बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला गाडी लागते. गाडी लागणाऱ्या माणसाला तीस किलोमीटरच्या वळणांपेक्षा पावणेतीनशे सरळ किलोमीटर सोसतात, म्हणून डिसेंबर असेल तर मी त्यांना भामरागडला पाठवीन, वाटेत चंद्रपूरला एक रात्र काढून. त्याला सुट्टी मिळते आहे मे महिन्यात, आणि त्याच्या आईला भामरागडच बघायचं आहे. त्याला सांगितलंय, सुट्टी पुढे ढकलता येते का ते साहेबांना विचार, मग गाडीची सर्व्हिसिंग कर.